पेशंट कोणत्या दारानं आला, तेही लिहून ठेवा

नाशकात नुकतंच एमडी होऊन नैराश्याच्या एका औषधाच्या ट्रायलवर (माणसांवरच्या चाचणीवर) सह-संशोधक झालेल्या डॉक्टरांनी विचारलंय: तीन महिन्यांत बारा पेशंट भरायचे आहेत, ओपीडीतून तेवढे मिळत नाहीत. स्पॉन्सर (औषध कंपनी) म्हणतो पेपरात जाहिरात द्या, नाहीतर तालुक्याला शिबिर घ्या. पेशंट निकषांत बसतोय ना, मग तो कुठून आला यानं निकालाला काय फरक पडतो?

डॉक्टर, फरक पडतो. निकषांच्या कागदावर तो कुठंच दिसत नाही, म्हणून जास्तच पडतो. मी वीसेक वर्षं नाशकात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. त्यातली बरीच वर्षं अशा ट्रायलवर गेली, काही वर्षं ट्रायलमधल्या पेशंटचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीत बसले. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

निकष ही चाळणी असते. पण चाळणीखाली काय पडणार हे भोकांच्या आकाराइतकंच वरून काय ओतलं यावरही ठरतं. आपण सगळे भोकांकडे बघत बसतो, कारण प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या नियमांच्या आराखड्यात, तीच छापलेली असतात.

चाळणी किती बारीक असते ते आधी बघा. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला मार्क झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच ओपीडीतल्या नैराश्याच्या ३४६ पेशंटना ट्रायलचे नेहमीचे निकष लावून पाहिले. हे काम २००२ साली प्रसिद्ध झालं. बायपोलर (मन कधी खाली, कधी टोकाचं वर जाणारे) आणि सायकोटिक (भास-भ्रम असलेले) पेशंट वगळल्यावर २९३ उरले. त्यातले ८६ टक्के कशात ना कशात अडकले असते: सोबत चिंतेचा विकार, दारू किंवा दुसरं व्यसन, नैराश्याच्या तीव्रतेचा स्कोअर कमी, नाहीतर आत्महत्येचे विचार. म्हणजे रोज समोर बसणाऱ्या अशा शंभरातले चौदाच ट्रायलमध्ये जाऊ शकतात.

दुसरं उदाहरण स्टार-डी या अमेरिकेतल्या नैराश्याच्या उपचारांवरच्या अभ्यासाचं. २००१ साली सुरू झालेला हा अभ्यास चार हजारांवर पेशंटचा. त्यांनी जाहिरातीतून एकही पेशंट घेतला नाही. जे आपणहून उपचाराला क्लिनिकमध्ये आले तेच घेतले, आणि सोबत दुसरे आजार आहेत म्हणून सहसा कुणाला परत पाठवलं नाही. पुढं २००९ मध्ये याच पेशंटना नेहमीच्या ट्रायलचे निकष लावले तेव्हा जेमतेम २२ टक्के बसले. बसणाऱ्यांपैकी ३४.४ टक्के पूर्ण बरे झाले होते, न बसणाऱ्यांपैकी २४.७ टक्के. पहिल्या टप्प्याचं औषध सगळ्यांना एकच, सिटॅलोप्रॅम. उपचाराची पद्धतही एकच. वेगळी होती ती माणसं.

आता जाहिरातीकडे येते. पेपरातली चौकट वाचून सकाळी अकराला फोन करणारा माणूस कोण असतो? त्याला वाचता येतं, वेळ आहे, घरात कुणाला न विचारता फोन लावता येतो, आणि मुख्य म्हणजे फोन लावण्याइतकी उभारी शिल्लक आहे. नैराश्य खरंच अंगावर बसलं की माणूस आलेला फोन उचलत नाही, तो स्वतःहून करणार कुठून? त्यामुळे जाहिरातीतून येणाऱ्यांत बऱ्याच दिवसांपासून कुढत असलेले, पण कामधंदा चालू असलेले, आधी कधी मनोविकारतज्ज्ञाकडे न गेलेले लोक जास्त भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांचा त्रास खराच असतो. पण तुमच्या वॉर्डात भाऊ हाताला धरून आणतो त्या पेशंटचा आजार आणि यांचा आजार एकाच नावाखाली मोडत असले तरी गोळीला सारखा प्रतिसाद देतीलच असं नाही.

जाहिरातीचे शब्दसुद्धा माणसं निवडतात. आमच्या कमिटीसमोर एकदा मजकूर आला होता: ‘मन उदास आहे? झोप लागत नाही? नवीन औषध, तपासणी मोफत.’ आम्ही तो बदलायला लावला. ‘मोफत’ म्हटलं की ज्यांना एरवी औषध परवडत नाही ते येतात, आणि त्यांच्यासाठी नाही म्हणणं अवघड होतं. ‘नवीन औषध’ म्हटलं की गुण येणारच अशी खात्री मनात घेऊन माणूस दारात उभा राहतो. ‘मन उदास आहे?’ याला तर अर्धं नाशिक हो म्हणेल. मजकूर शेवटी असा झाला: नैराश्याचं निदान झालेल्या व्यक्तींसाठी संशोधन, काहींना औषधाऐवजी औषध नसलेली गोळी मिळेल, भाग घेणं ऐच्छिक. फोन कितीतरी कमी आले. कंपनीची माणसं नाराज झाली, पण आलेल्यांपैकी बरेच जण खरोखर आजारी होते.

हेही सांगायला हवं की जाहिरातीचे पेशंट आणि क्लिनिकचे पेशंट यांची थेट तुलना करणारे सगळे अभ्यास एकाच बाजूला झुकत नाहीत. काहींत दोन्ही गट बरेचसे सारखे निघाले. माझ्या मते याचं कारण असं की फरक ‘जाहिरात’ या शब्दात नसून आत घेताना कोण, कोणत्या घाईत, काय विचारतं यात असतो. तेव्हा आता घाईबद्दल.

नैराश्य किती तीव्र आहे ते मोजायची हॅमिल्टनची पट्टी तुम्हाला पाठ असेल: १९६० सालची, सतरा प्रश्न, जास्तीत जास्त ५२ गुण. प्रवेशाला बहुधा १८ किंवा २० लागतात. एका ट्रायलमध्ये मी सह-संशोधक होते, भरतीचे शेवटचे दोन आठवडे होते आणि आमचे अजून चार पेशंट कमी होते. कंपनीच्या माणसाचा दिवसातून दोनदा फोन यायचा. दुसरी शहरं पुढं गेली, तुमचं केंद्र मागं पडलं, असं. सिडकोतून एक गृहस्थ आले, जाहिरात वाचून. मी स्कोअर केला, १७ भरला. को-ऑर्डिनेटर मुलगी गुणी होती, खोटं करणारी नव्हती. ती कागद घेऊन परत आली आणि म्हणाली, ‘मॅडम, त्यांनी भूक कमी झाली म्हणून सांगितलं होतं, ते धरलंत का? आणि हात चोळत होते ना?’ मी पुन्हा पाहिलं. भुकेला एक वाढवला, अस्वस्थतेला एक, चिंतेच्या प्रश्नाला दोनाचे तीन केले. वीस झाले. प्रत्येक गुणाचं समर्थन मला आजही देता येईल, आणि तरीही ते चूक होतं, कारण हीच बारकाई मी ज्याचा स्कोअर आधीच २४ होता त्याच्या बाबतीत दाखवली नव्हती.

पुढचं गणित बघा. प्रवेश झाल्यावर त्याचा स्कोअर वाढवण्यात कुणालाच रस उरत नाही. दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या मूळच्या १७ वर येतो. कागदावर तीन गुणांची सुधारणा, आणि गोळीनं अजून काहीच केलेलं नाही. औषध आणि प्लासिबो (औषध नसलेली गोळी) यांच्यातला सरासरी फरक हॅमिल्टनवर दोनेक गुणांचाच असतो. म्हणजे प्रवेशाच्या दारात घातलेले गुण औषधाच्या सगळ्या कमाईपेक्षा मोठे झाले. ही घसरण औषधाच्या आणि प्लासिबोच्या दोन्ही गटांत सारखी असते, मग बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. बिघडतं असं की जो मुळात तेवढा आजारी नाही त्याच्यावर औषधाला परिणाम दाखवायला जागाच राहत नाही. असे पाच-दहा जण दोन्ही गटांत मिसळले की खरा फरक पातळ होत जातो. १९८१ ते २००० या काळातल्या नैराश्याच्या औषधांच्या ७५ ट्रायलचा आढावा २००२ साली आला. त्यात प्लासिबोवर सुधारणारे सरासरी ३० टक्के आणि औषधावर ५० टक्के होते, आणि प्लासिबोचा आकडा दर दशकाला सुमारे सात टक्क्यांनी चढत होता. या चढण्याची कारणं अनेक आहेत. भरतीची पद्धत त्यातलं एक आहे, असं माझं स्वतःच्या हातून झालेलं पाहून ठाम मत आहे.

शिबिराबद्दल मी जास्त कडक आहे. निफाड भागात एका वर्षी गारपीट झाली, द्राक्षाचे घड काढणीला आले असताना. त्यानंतर काही दिवसांतच तिथं आरोग्य शिबिर होतं आणि आम्ही नैराश्य तपासायची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घेऊन बसलो. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, कमाल २७ गुण. दहाच्या वर माणसं भराभर सापडत होती. झोप नाही, जेवण जात नाही, कशात लक्ष नाही, जगून काय करू. ज्याची बाग डोळ्यांदेखत झोपली आणि सोसायटीचं कर्ज उभं आहे, त्याला दुसरं काय वाटणार? महिन्याभरानं त्याच लोकांना परत भेटलो तेव्हा बऱ्याच जणांचा स्कोअर आपोआप उतरला होता. कुणाचा पंचनामा झाला होता, कुणाचा भाऊ मुंबईहून येऊन राहिला होता, कुणी बाग पुन्हा उभी करायला लागला होता. त्या दिवशी मी त्यांना ट्रायलमध्ये घेतलं असतं तर ही सगळी सुधारणा गोळीच्या किंवा प्लासिबोच्या नावावर लागली असती. जे महिन्यानंतरही तसेच होते त्यांना मात्र तातडीनं उपचार हवे होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना आत्महत्येच्या विचारांमुळं प्रोटोकॉल बाहेरच ठेवत होता. शिबिर घ्या, जरूर घ्या, पण ट्रायलची भरती म्हणून घेऊ नका.

मग ओपीडीच बरी, असं म्हणावं तर तिथंही एक दार आहेच. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, जे बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं १२ राज्यांत केलं, नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांवर उपचारच होत नव्हते. आपल्याकडं येतात ते उरलेल्यांतले, आणि येण्याआधी बरंच फिरून आलेले. नाशिकच्या आसपासचा पेशंट आधी गल्लीतल्या डॉक्टरकडं जातो, तिथं झोपेची गोळी सुरू होते. मग रक्त-लघवी, थायरॉईड, एखादा एमआरआय, एखादी पूजा. आमच्यापर्यंत पोचतो तोवर वर्ष झालेलं असतं आणि खिशात त्याच झोपेच्या गोळीची, अल्प्राझोलॅमची, पट्टी असते. ती बंद केल्याशिवाय प्रोटोकॉल त्याला घेत नाही, आणि बंद केली की काही दिवस त्याची झोप उडते आणि स्कोअर चढतो. तो चढलेला स्कोअर नैराश्याचा की गोळी सुटल्याचा?

आणि ओपीडीत आपल्याकडची एक खास गोष्ट घडते, जिच्यावर परदेशी पेपरांत फारसं सापडायचं नाही. आपले लोक म्हणतात, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. सिन्नरहून एक मावशी माझ्याकडं येत, नवऱ्याच्या आजारपणापासून ओळख. ट्रायलची माहिती मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितली. नवं औषध असेल किंवा नुसती गोळी असेल, कोणती ते मलाही माहीत नसेल, नाही म्हणालात तरी माझे उपचार चालूच राहतील. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही देताय ना, मग मला विष दिलं तरी चालेल.’ मी त्यांना ट्रायलमध्ये घेतलं नाही. ही संमती नव्हती, हा विश्वास होता, आणि त्या विश्वासावर सही घ्यायला माझा हात धजला नाही. पण मोजमापाच्या अंगानंही ती भरती चुकीची ठरली असती. अशा माणसाला दुसऱ्या आठवड्यात विचारा, कसं वाटतंय? ‘बरं वाटतंय की.’ मला वाईट वाटू नये म्हणूनसुद्धा बरं वाटतं. हातगुण हा दोन्ही गटांना मिळतो, आणि जितका जास्त मिळतो तितकं औषधाचं स्वतःचं काम ओळखणं अवघड होतं. म्हणून ज्यानं पेशंटला आणलं त्यानं त्याचा स्कोअर करू नये. हा नियम मी स्वतःवर घालून घेतला तो त्या मावशींनंतर.

कुठून आला याचा मोजपट्टीशी कसा संबंध लागतो याचं एक अगदी जवळचं उदाहरण देते. दिंडोरीकडचा चाळिशीतला शेतकरी. झोपेचे प्रश्न विचारले. हॅमिल्टनमध्ये झोपेला तीन प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे झोपेचेच सहा. मधल्या झोपेच्या प्रश्नात रात्री अंथरुणातून उठला तर थेट दोन, फक्त लघवीला उठण्याची सूट. हे गृहस्थ रोज दोनला उठत होते, पुन्हा झोपत नव्हते. तरुण रेटरनं, म्हणजे स्कोअर करणाऱ्यानं, दोन लिहिले, पहाटेच्या झोपेचेही दोन लिहिले. मी सहज विचारलं, उठून करता काय? ‘लाईट येते ना मॅडम. या आठवड्यात रात्रीची पाळी आहे. मोटार चालू करायला जावं लागतं.’ पुढच्या आठवड्यात लाईटची पाळी दिवसाची होती. झोपेचे चार गुण महावितरणच्या वेळापत्रकानं आले होते आणि वेळापत्रकानंच जाणार होते. अंबडच्या कारखान्यातून आलेल्या माणसाला हा प्रश्न लागू नाही, पण त्याला रात्रपाळी विचारा.

तसंच बोलण्याचं. शहरातल्या कॉलेज रोडचा पेशंट ‘मला गिल्टी वाटतं’ म्हणतो आणि रेटरला काम सोपं जातं. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बाईला ‘अपराधीपणाची भावना’ हे भाषांतर कळतच नाही. तिला विचारावं लागतं, तुमचंच काही चुकलं असं मनात येतं का? तिचं दुःख डोक्यात, छातीत, पायात असतं. डोकं जड, छातीत धडधड, पाय ओढल्यासारखे. हॅमिल्टनमध्ये शरीराच्या तक्रारींना भरपूर गुण आहेत, मॅड्रस या नैराश्याच्या दुसऱ्या पट्टीत दहापैकी बहुतेक प्रश्न मनाचे आहेत. तेव्हा खेड्यातून भरती केलीत तर हॅमिल्टनवर पेशंट जास्त आजारी दिसतील, शहरातून केलीत तर मॅड्रसवर. पट्टी आणि दार यांची जोडी एकत्र वाचायला हवी.

काही माणसं कुठल्याच दारानं आत येत नाहीत. आजार बायकांत पुरुषांपेक्षा जवळपास दुप्पट. पण लग्न होऊन वर्ष झालेल्या मुलीला सासूसमोर गर्भनिरोधकाबद्दल विचारायचं, गर्भचाचणी करायची, आणि दर आठवड्याला कळवणहून यायचं तर सोबत कोण येणार हे ठरवायचं. ती दुसऱ्या भेटीलाच गळते. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या, ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या पेशंटची संमती २०१९च्या नियमांप्रमाणं कॅमेऱ्यावर घ्यावी लागते. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण कॅमेरा दिसला की ‘गावात कुणाला दाखवणार तर नाही ना?’ हा प्रश्न येतोच, आणि काही जण उठून जातात. ऑक्टोबर छाटणी लागली की द्राक्षपट्ट्यातले पुरुष दिसेनासे होतात. उरतो तो शहरातला, पन्नाशीच्या आतला, सोबत येणारं कुणीतरी असलेला, दारू न पिणारा, मरणाचे विचार न येणारा पेशंट. त्याच्यावर औषध चाललं, एवढंच आपल्याला कळतं.

तुमची ट्रायल प्लासिबोशी आहे की जुन्या औषधाशी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडं बऱ्याचदा प्लासिबो नसतो आणि ‘नवं औषध जुन्यापेक्षा कमी नाही’ एवढंच दाखवायचं असतं. तसं असेल तर दुप्पट सांभाळा. आपोआप बरे होणारे पेशंट भरले की दोन्ही गट भराभर सुधारतात, दोन्ही औषधं सारखी दिसतात, आणि सारखी दिसणं हेच तर सिद्ध करायचं होतं. प्लासिबोच्या ट्रायलमध्ये ढिली भरती औषधाला नापास करते. इथं तीच ढिली भरती औषधाला पास करते. ते औषध पुढं तुमच्याच ओपीडीत, शंभरातल्या त्या शहाऐंशींना लिहिलं जाणार असतं.

म्हणून बारा पेशंटसाठी मी असं करीन. जाहिरात हवीच असेल तर मजकूर कमिटीकडून मंजूर करून घ्या, ‘मोफत’ आणि ‘नवीन’ काढून. त्याआधी सातपूर, सिन्नर, पंचवटीतल्या दहा-पंधरा जनरल प्रॅक्टिशनरना स्वतः जाऊन भेटा. त्यांच्याकडं झोपेच्या गोळीवर अडकलेले, अजून आपल्यापर्यंत न पोचलेले पेशंट आहेत. गोळी हळूहळू उतरवा आणि स्कोअर त्यानंतरच करा. पेशंट पाठवल्याबद्दल त्या डॉक्टरांना एक रुपयाही द्यायचा नाही. स्कोअर करणारा माणूस वेगळा ठेवा, आणि जमलं तर प्रवेशाचा आकडा त्याला सांगूच नका. पहिल्या स्कोअरनंतर आठवडाभर थांबून पुन्हा करा. जो त्या आठवड्यात पाच-सहा गुणांनी उतरला त्याला आनंदानं घरी पाठवा. १८ ते २० मधला प्रत्येक कागद दुसऱ्या डॉक्टरनं वाचावा, पण २४चाही तसाच वाचावा.

आणि स्क्रीनिंग लॉगमध्ये, म्हणजे तपासलेल्या सगळ्या पेशंटच्या नोंदवहीत, एक रकाना वाढवा. स्पॉन्सरच्या नमुन्यात तो नसेल. त्यात लिहा: जाहिरात, स्वतःची ओपीडी, दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी, शिबिर, ओळखीचा. बाद झालेल्यांचंही लिहा. तीन महिन्यांनी तुमचे बाराच्या जागी सात भरले तर सात कळवा, सोबत तो रकाना पाठवा. कंपनीचा फोन येईल. माझ्या त्या सिडकोच्या गृहस्थांचा कागद अजून त्या फाइलमध्ये आहे, १७ खोडून २० केलेला, शेजारी माझी सही आणि तारीख.